मुलींसाठीचा रकाना

घर, १८ जानेवारी

ती. सौ. वहिनीस,
चिंगीचा सा. न. वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर बघून तुमच्या मनात आधी आलं असेल, की आता कोण गेलं. कुणी गेलेलं नाही. जाण्यासारखं या घरात मी सोडून कुणी उरलेलंच नाही, आणि मी ठणठणीत आहे. पत्राचं कारण एवढंच, की सध्या मला फोनवर धड बोलता येत नाही. परवा दादाला फोन केला, तर तोंडात काय कोंबलंयस म्हणून त्याने विचारलं, आणि मी सांगायच्या आत नेहमीसारखा फोन ठेवूनही दिला. तर तोंडात तारा आहेत. दातांच्या. बावन्नाव्या वर्षी.

हसून घ्या. मी थांबते.

झालं असं, की दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी प्लास्टर ओतायला लागले त्याला गेल्या वर्षी पंचवीस वर्षं पूर्ण झाली. थोरले डॉक्टर आता नाहीत, त्यांची मुलगी सगळं बघते. तिने मला विचारलं, भेट म्हणून काय देऊ. माझ्या तोंडून निघून गेलं, की माझे दात सरळ करून द्या. तिला वाटलं थट्टा करतेय. मग तिने मला खुर्चीत बसवलं, दिवा तोंडावर ओढला आणि म्हणाली, अहो, हे इतकी वर्षं कुणी पाहिलं कसं नाही! खरंच नव्हतं पाहिलं. लोकांच्या जबड्यांचे ठसे माझ्याकडे येतात, मी त्यात प्लास्टर ओतते, थरथरणाऱ्या टेबलावर धरून बुडबुडे काढते, सुकलं की घासून मागे नाव आणि तारीख लिहिते. हजारो तोंडं माझ्या हाताखालून गेली, पण माझ्या तोंडात डोकवायचं कुणाला काही कारणच नव्हतं.

सुळ्यांमागच्या चार छोट्या दाढा काढून जागा केली आणि सप्टेंबरात तारा बसल्या. आमच्याकडे सगळी गिऱ्हाइकं बारा-चौदा वर्षांची. त्यामुळे फॉर्मही त्यांच्याच मापाचा, थोरल्या डॉक्टरांनी केलेला. त्याच्या प्रती काढून आणायचं काम कायम माझंच, पण भरायची वेळ पहिल्यांदा आली. शाळेचं नाव, इयत्ता, अंगठा चोखायची सवय आहे का. खाली मुलींसाठी वेगळा रकाना: मासिक पाळी सुरू झाली आहे का? ती सुरू झाली की उंची आणि जबडा किती वाढायचा राहिलाय याचा अंदाज येतो, म्हणून विचारतात. मी अगदी गंभीर चेहऱ्याने 'हो'वर खूण केली. पालकाच्या सहीच्या जागी सहीही मीच केली.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी साडेदहाला माझी वेळ असते. बाकी सगळं जिथल्या तिथे आहे. दादाला नमस्कार सांगा, आणि तारांचं तुम्हीच सांगा, म्हणजे तो पूर्ण ऐकेल. लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

आपली,
चिंगी

*

घर, २ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

हसले. चांगली पोटभर हसले. तुझ्या दादाला सांगितलं, तर त्याने वर्तमानपत्र खाली केलं, 'आता?' एवढं विचारलं आणि पुन्हा वर केलं. निवृत्त झाल्यापासून हा माणूस दिवसाला अकरा वाक्यं बोलतो. मी मोजली आहेत. त्यातली चार चहाबद्दल असतात.

पण चिंगे, एक विचारू? दात तुझे वाकडे होते हे मला नवीन नाही. मी त्या घरात आले तेव्हा तू बारा वर्षांची होतीस, दारामागून बघायचीस, आणि तुला पाळी आली तेव्हा आईंना सांगायच्या आधी मला येऊन सांगितलंस. तेव्हापासून तुझे दात तसेच आहेत आणि तुझं काही अडलं नाही. मग आताच काय अंगात आलं? कुणी आहे का? असेल तर नाव नको सांगूस, फक्त स्वभाव सांग.

माझं विशेष काही नाही. इथल्या खोल्या मोठ्या आहेत आणि आम्ही दोघं दोन टोकांना बसतो. मुलगी फोन करते, रविवारी, ठरलेल्या वेळी, आणि मी बरी आहे असं सांगते. खरं सांगायचं तर तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एवढं लांबलचक माझ्याशी कुणी बोलल्याला बरेच दिवस झाले. आपण दोघींनी गेल्या बारा वर्षांत एकमेकींना काय लिहिलं असेल तर दोन ओळींची कार्डं. त्याला कारण होतं, ते तुला ठाऊक आहे आणि मलाही, तेव्हा ते राहू दे.

चावता येत नाही तर खातेस काय? नीट लिही. 'बरं चाललंय' असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

तुझी,
वहिनी

*

दवाखान्यातून, जेवणाच्या सुट्टीत, २० एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. कुणी नाही, वहिनी. स्वभाव सांगायला माणूस असावा लागतो.

उशिराचं कारण आता सगळं उरकलंय म्हणून सांगते. फेब्रुवारीच्या शेवटी स्वयंपाकघरात ओल्या फरशीवरून पाय घसरला आणि डाव्या हाताचं मनगट मोडलं. पडले ती सकाळी साडेसातला, आणि शेजारच्या बाईंना हाक ऐकू गेली नऊ वाजता. तेवढा वेळ मी फरशीवर बसून ओट्याखालच्या डब्यांवरची नावं वाचत होते. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. जन्मभर प्लास्टर ओतलं, शेवटी ते माझ्यावरच ओतलं. तुम्हाला कळवलं नाही, कारण कळवून तुम्ही करणार काय होतात, फक्त काळजी. हाडांच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, हाडं विरळ झाली आहेत म्हणाले आणि आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली. रविवारी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास ताठ बसायचं. माझ्या रविवारांना एक कार्यक्रम मिळाला.

आता खरी गोष्ट. दात हलायचे थांबले आहेत. म्हणजे जे सरकायला हवेत ते सरकत नाहीत, आणि जे स्थिर राहायला हवेत ते हलतात. काढलेल्या दाढांच्या फटी फेब्रुवारीपर्यंत छान मिटत आल्या होत्या. दर महिन्याला माझ्याच तोंडाचा ठसा माझ्याकडे येतो, मीच तो ओतते आणि मापाच्या चिमट्याने मोजते. मार्चपासून माप तिथल्या तिथे. डॉक्टरांना वाटतं, मी घरी रबर लावत नाही. वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत छोटी रबरं दिवसभर लावून ठेवायची असतात, मुलं ती हटकून टाळतात. मंगळवारी तिने मला समोर बसवून समजावलं, अगदी तेरा वर्षांच्या मुलीला समजावतात तसं. मी मान डोलावली. रबर मी जेवताना सोडून एक तास काढलेलं नाही, पण शपथा कुणापुढे घ्यायच्या?

खालचे पुढचे दोन दात जिभेने ढकलले तर हलतात. हिरड्या सुजतात, तोंड सतत कोरडं पडतं, जीभ पोळल्यासारखी होते. खुर्चीत बसलं की मानेपासून अचानक असा जाळ उठतो की गळ्यातला कागदी रुमाल भिजून जातो. मी घाबरते असं समजून डॉक्टर पंखा लावते. असंच चाललं तर ते दोन दात राहतील याची खात्री नाही, असं ती काल म्हणाली. वहिनी, मला ते जायला नको आहेत. सरळ करायला गेले आणि होते तेही गेले, असं झालं तर मी कुणाला काय सांगू?

फळीवर माझे आठ महिन्यांचे आठ साचे ओळीने ठेवले आहेत. ते बघत बसते. प्लास्टरमध्ये दात दिसतात, हिरडी दिसते, आतलं हाड दिसत नाही. पंचवीस वर्षं मी अर्धंच तोंड बघत आले.

खाणं: दुधात बुडवलेला पाव, केळं, कुस्करलेला बटाटा. परत पाठवू नका.

आपली,
चिंगी

*

घर, २९ एप्रिल

चि. चिंगीस,
आशीर्वाद.

नऊ वाजेपर्यंत फरशीवर बसलीस आणि मला कळवलं नाहीस, त्याचं मी नंतर बघते. आधी एका प्रश्नाचं सरळ उत्तर दे. तुझी पाळी बंद झाली का? झाली असेल तर कधी? आणि हे तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंना माहीत आहे का? गोळीचं माहीत आहे का?

का विचारते ते सांगते. मी पन्नाशीला आले त्या वर्षी माझ्या मागच्या दोन दाढा हलायला लागल्या. कीड नाही, काही नाही. दंतवैद्य म्हातारा होता, बोलायला फटकळ. त्याने पहिला प्रश्न हाच विचारला. म्हणाला, बाई, पाळी जाते तेव्हा एकटी जात नाही, हाडांतलं थोडं घेऊन जाते, आणि दात हाडातच उभे असतात. तोपर्यंत मला वाटत होतं की मला वेड लागतंय. अंगातून जाळ, झोप नाही, तोंड कोरडं, आणि कुणी काही बोललं की डोकं सणकायचं. थंडीत खिडक्या उघडल्या म्हणून आई धुसफुसत होत्या. तू त्यांच्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचीस आणि आतून तुमची कुजबुज ऐकू यायची. मग एक दिवस जेवताना मी ते ताट आईंसमोर आपटलं. पुढचं तुला माहीत आहे. तुझ्या दादाने बदली मागून घेतली आणि आम्ही निघालो.

हे उकरून काढायला लिहीत नाही. म्हणजे थोडं त्यासाठीही लिहिते, खोटं का बोलू? पण मुख्य म्हणजे दात. तुला अजून कुणी विचारलंय का? उलट टपाली लिही.

तुझी,
वहिनी

*

घर, १२ मे

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

नाही. कुणी विचारलं नाही. तुम्ही पहिल्या.

आई गेली त्या महिन्यात आली होती, ती शेवटची. तीन वर्षं होतील. तेव्हा वाटलं, दुःखाने चुकली असेल. मग पुढच्या महिन्यात वाटलं, दगदगीने. सहा-आठ महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की हे संपलं, आणि आता हे सांगायचं कुणाला? सुरू झाली तेव्हा तुम्ही होतात. तुम्ही मला गरम पाण्याची पिशवी दिली होतीत आणि शाळेत चिठ्ठी पाठवली होतीत. संपली तेव्हा मी कपाटातल्या पाळीच्या उरलेल्या घड्या एका पिशवीत भरल्या आणि माळ्यावर टाकल्या. एवढंच झालं.

तुमचं पत्र घेऊन मी परवा डॉक्टरांकडे गेले. वाचून दाखवलं नाही, पण धीर यावा म्हणून खिशात ठेवलं होतं. तिने माझा फॉर्म काढला. मुलींसाठीच्या रकान्यात माझी खूण होती: पाळी सुरू झाली आहे, हो. तिने तो उलटसुलट करून पाहिला. बंद झाली का, असा रकानाच नाही. मूल कोणती औषधं घेतं, याच्यापुढे मी 'काही नाही' लिहिलं होतं, आणि ते तेव्हा खरंच होतं. गोळी नंतर आली. मनगट मोडलं तेव्हा दवाखान्याने मला फुलं पाठवली होती, पण हाड एवढ्या सहज का मोडलं, हे ना त्यांनी विचारलं ना मी सांगितलं. हाडांच्या डॉक्टरांपुढे मी तोंड उघडून 'आ' केलं नाही, आणि दातांच्या डॉक्टरांना मनगट दाखवलं नाही.

तिने मग कागदावर काढून समजावलं. तारेने दात ढकलला की पुढचं हाड विरघळतं आणि मागे नवं भरतं, तेव्हा दात सरकतो. पाळी गेल्यावर हाडाची ही मोडतोड आणि बांधणी यांचा मेळ बिघडतो. हिरड्या आधीच नाजूक झालेल्या असल्या तर दात ढिले पडतात. त्यात माझी गोळी हाडाची मोडतोड रोखून धरते. तिच्यामुळे हाड वाचतं, पण दात अडतो. सगळ्या बायकांना असं होत नाही, कित्येकींचे दात या वयातही छान सरळ होतात, फक्त आधी ठाऊक असायला हवं, ताकद कमी लावायची आणि वेळ जास्त द्यायचा. ती माझी माफी मागायला लागली. मी फार अवघडले. रबरांबद्दलही मागितली.

आता तीन महिने काही ताणायचं नाही. हिरड्या साफ करून घ्यायच्या. हाडांच्या डॉक्टरांशी ती स्वतः बोलणार आहे, तोवर गोळी चालू ठेवा म्हणाली. पण वहिनी, तुम्हाला म्हणून सांगते, गेल्या तीन रविवारी मी ती घेतलेली नाही. तुमच्या पत्राच्या आधीपासूनच मला संशय येत होता, कारण मापं गोळीनंतर अडली. गोळी सोडली तर दात पुन्हा चालू लागतील असं मला वाटतं. तिला सांगू नका, म्हणजे तुम्ही सांगणार तरी कशाला.

आणि एक. त्या वर्षी तुम्हाला आम्ही कुणी विचारलं नाही. दार लोटून आम्ही काय बोलायचो ते मला आठवतं. तुमचं डोकं फिरलं आहे असं आई म्हणायची आणि मी हो म्हणायचे. मी तेव्हा चाळिशीची होते, लहान नव्हते. माझी चूक झाली. याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

राग असेल तर असू द्या, पण पत्र पाठवत जा.

चिंगी

*

घर, १९ मे

चिंगीस,

माफीचं नंतर. तुझं डोकं ठिकाणावर आहे का? हाडांसाठी दिलेली गोळी तू आपल्या मनाने बंद करतेस? मनगट मोडलं तेव्हा दीड तास फरशीवर होतीस. उद्या मांडीचं हाड मोडलं तर किती तास बसशील? कोण येणार आहे? आणि गोळी सोडली म्हणून दात लगेच धावायला लागणार आहेत, असं तुला कुणी सांगितलं? तू प्लास्टर ओततेस, औषधं देत नाहीस.

बावन्न वर्षांची बाई, रिकाम्या घरात एकटी राहते, हाडं मोडून घेऊन सरळ दात करून घेतेय. दाखवणार आहेस कुणाला?

आज संध्याकाळी गोळी घे. संध्याकाळी नसेल चालत तर उद्या सकाळी घे. आणि घेतलीस की कळव.

वहिनी

*

घर, ३० जून

चि. चिंगीस,
आशीर्वाद.

दीड महिना झाला, तुझं पत्र नाही. फोन केला तर वाजत राहतो. दादाने केला तेव्हा उचललास, त्याला बरी आहे म्हणालीस, आणि त्याने मला तेवढंच आणून दिलं.

मी काय लिहिलं ते मला ठाऊक आहे. पाकीट पेटीत टाकलं आणि हात तिथेच राहिला. पेटीत बोटं घालून काढता येतं का, तेही बघून झालं. चिंगे, मी घाबरले होते. मला घाबरता येत नाही, मला चिडताच येतं. त्या वर्षीही तसंच होतं.

दाखवणार कुणाला, असं मी तुला विचारलं. मला तरी कोण बघतं? सकाळी केस विंचरते, नीट कपडे घालते आणि वर्तमानपत्रासमोर जाऊन बसते. गेल्या महिन्यात मी चष्म्याची नवी फ्रेम घेतली, लाल. तुझ्या दादाच्या अजून लक्षात आलेली नाही. तरी मी ती लाल घेतली.

मला लिही. रागाने लिही, पण लिही.

तुझीच,
वहिनी

*

दवाखान्यातून, १५ जुलै

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

गोळी घेते आहे. तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी घेतली आणि डॉक्टरांनाही सांगितलं. तिचं आणि हाडांच्या डॉक्टरांचं बोलणं झालं. गोळी माझ्या मनाने सोडून दात चालले नसतेच, तिचा अंमल हाडात बराच काळ राहतो म्हणे. तेव्हा तुमचं बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच लिहवलं नाही.

ते वाक्य मला फार लागलं, वहिनी. मी ते पत्र कामाच्या खोलीत वाचलं. ओतायला कालवलेलं प्लास्टर वाटीतच घट्ट झालं आणि तो साचा फुकट गेला. पंचवीस वर्षांत माझे फुकट गेलेले साचे दहा-बारा असतील.

पण राग उतरल्यावर मी स्वतःलाच विचारलं, की खरंच, कुणाला दाखवायचे होते? उत्तर आलं ते तुम्हालाच सांगू शकते. कुणालाच नाही. दात सरळ झाले असते तर मला आवडलं असतं, पण मी वाट बघायचे ती दुसऱ्या मंगळवारची. त्याच्या आदल्या दिवशीच मी केस धुते. खुर्चीत बसते, आणि एक माणूस वीस मिनिटं माझ्या चेहऱ्याला हात लावून असतं. दुखतंय का विचारतं. हनुवटी धरून हलकेच वळवतं. आई गेल्यापासून मला तेवढाच हात लागतो. मनगट मोडलं तेव्हासुद्धा, खोटं नाही सांगत, प्लास्टर काढणाऱ्या माणसाने हात धरला तर मला बरं वाटलं होतं.

आता डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या आहेत. एक, अगदी हलक्या ताकदीने अजून दीड-दोन वर्षं चालू ठेवायचं. फटी मिटतील कदाचित, पण खालच्या त्या दोन दातांचा भरवसा ती देत नाही. दुसरी, तारा आता काढायच्या, दातांच्या मागून एक बारीक तार कायमची चिकटवायची म्हणजे ते दोघे शेजाऱ्यांच्या आधाराने टिकतील. फटी राहतील, दोन्ही बाजूंना सुळ्यामागे, तांदळाचा दाणा मावेल एवढ्या. तिचं मत दुसऱ्या वाटेकडे आहे, पण निर्णय माझा म्हणाली. मला पहिली वाट हवीशी वाटते, आणि का वाटते ते मी वर लिहिलंच आहे. दीड-दोन वर्षं म्हणजे किती मंगळवार होतात, हे मी मोजून बसले आहे.

पुढच्या महिन्यात उत्तर द्यायचं आहे. तुम्ही सल्ला देऊ नका. लाल फ्रेम कशी दिसते ते मात्र कळवा.

आपली,
चिंगी

*

घर, २४ जुलै

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

सल्ला देत नाही. जिभेवर आला होता, गिळला.

तू लिहिलंस त्यावर लिहायला बसले. दोन कागद फाडले. मी फक्त एवढंच केलं, की आज तुझा दादा वर्तमानपत्र वाचत होता तेव्हा जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. तो दचकला. मग म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. त्याने पान उलटलं नाही, बराच वेळ.

फ्रेम शोभते. मुलीने फोटो मागवून घेतला आणि तसं म्हणाली.

काय ठरवशील ते आधी मला कळव.

तुझी,
वहिनी

*

घर, १६ ऑगस्ट

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तारा काढल्या. मंगळवारी, साडेदहाला. दातांवर चिकटवलेलं एकेक ब्रॅकेट चिमट्याने सुटताना कटकट आवाज होतो. त्या खोलीतला तो आवाज भिंतीपलीकडून मी हजारदा ऐकला होता, आतून कसा लागतो ते आता कळलं. मागची बारीक तार बसली आहे. खालचे दोघे घट्ट आहेत. जिभेने ढकलून बघायची सवय मात्र अजून गेलेली नाही.

दुसरी वाट घेतली ती शहाणपणाने घेतली असं समजू नका. शेवटच्या दिवसापर्यंत मी पहिलीच घेणार होते. पण आदल्या आठवड्यात एका मुलीचा ठसा आला, तो ओतताना विचार आला की मी माझे दोन दात पणाला लावते आहे, ते कशासाठी? तर महिन्यातून वीस मिनिटं कुणीतरी माझी हनुवटी धरावी म्हणून. त्यासाठी दात हलते ठेवायचे? डॉक्टरला मी तसं सांगितलं नाही. तिला एवढंच म्हणाले, काढा.

फॉर्म आम्ही दोघींनी मिळून नवा केला. मोठ्या माणसांचा वेगळा. पाळी बंद झाली आहे का, केव्हापासून, हाडांची तपासणी झाली आहे का, कोणतं औषध नव्याने सुरू झालं. शेवटच्या प्रश्नापुढे 'दर भेटीला विचारावे' असं माझ्या सांगण्यावरून घातलं. त्याच्या शंभर प्रती मी परवा आणल्या.

माझी पुढची वेळ सहा महिन्यांनी आहे. फेब्रुवारीत. कार्डावर तारीख लिहून तिने माझ्या हातात दिली, मी ते पाकिटात ठेवलं आणि मागच्या खोलीत कामाला गेले. संध्याकाळी घरी आले. कुलूप काढलं, दिवा लावला, आणि आत जाऊन पिशवी ठेवायच्या आधी तिथेच दारात उभी राहिले. सहा महिने, वहिनी.

मी लिहिलं होतं की मला कुणी विचारलं नाही. खरं आहे ते, पण मीही कुणाला काही मागितलं नाही. आई होती तेव्हा तिने सांगितलं की करायचं, ती गेल्यावर कुणी सांगेना तेव्हा नुसतं बसायचं, असं माझं चाललं आहे. बारा वर्षांत मी तुम्हाला या असं एकदाही लिहिलं नाही, आधी लाजेने आणि मग सवयीने.

तर आता लिहिते. माझ्याकडे राहायला या. खिडक्या हव्या तेवढ्या उघड्या ठेवा. किती दिवस राहणार ते मी विचारणार नाही.

तुमची,
चिंगी

*

घर, २१ ऑगस्ट

चि. चिंगीस,
आशीर्वाद.

शनिवारी पोचते, दुपारच्या गाडीने. स्टेशनवर येऊ नकोस, ओल्या पायऱ्या असतात, तू घरीच थांब. मला उशी जाड लागते.

तुझ्या दादाला सांगितलं. त्याने वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवलं आणि परत कधी येणार म्हणून विचारलं. मी म्हटलं, ते तिने विचारलेलं नाही.

वहिनी